कॉलेजचा गार्ड घडतो कसा: पहिल्या वर्षाच्या पंधरा ड्रिबलपासून तिसऱ्या वर्षाच्या पाचांपर्यंत

बास्केटबॉलच्या सरावाला येणाऱ्या प्रत्येक गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूची, एक नोंद मी वहीत न चुकता करतो. चेंडू हातात आल्यापासून पास किंवा शॉट होईपर्यंत त्याने किती ड्रिबल मारले, म्हणजे चेंडू किती वेळा जमिनीवर आपटला? पहिल्या वर्षाचं पोर बारा-पंधरा ड्रिबल सहज मारतं. चेंडू पायांमधून काढतं, पाठीमागून फिरवतं, कोर्टाबाहेर बसलेले टाळ्या वाजवतात, आणि शेवटी पाहावं तर चेंडू होता तिथेच. तेच पोर नीट घडलं तर तिसऱ्या वर्षी चार-पाच ड्रिबलांत काम उरकतं. गार्डचा खेळ वाढला का, हे मी त्याच्या गुणांवरून ठरवत नाही, या आकड्यावरून ठरवतो. कमी ड्रिबल मारायला जे जे लागतं ते सगळं शिकायला तीन वर्षं पुरतात, पण क्रम चुकला तर तीन वर्षं वायाही जातात. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

आपल्याकडची, म्हणजे मराठवाड्याची, परिस्थिती आधी मान्य करू. पुण्या-नागपूरची पोरं शाळेपासून क्लबात खेळतात. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात बास्केटबॉल अकरावी-बारावीत किंवा थेट कॉलेजात येतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. वाट दोन्हीकडे सारखीच: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची असली की पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाचं वर्ष चाळीस मिनिटांत संपतं. अमेरिकेतला कॉलेज संघ एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. खरी तफावत इथे आहे. उंची आणि मैदान या गोष्टी त्यानंतर येतात. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक ध्यानात ठेवा: सामने मिळत नसतील तर सरावातच सामन्यासारखे निर्णय घ्यायची सवय लावायची आहे.

पहिला आठवडा: मोजणी

शंभर पानी वही घ्या. मित्राला मोबाइल देऊन सरावातल्या एका पूर्ण सामन्याचं चित्रण करून घ्या. मोबाइल बोर्डाच्या मागे न ठेवता मध्यरेषेच्या बाजूला, शक्यतो पायऱ्यांवर उंच ठेवा, म्हणजे दहाही खेळाडू दिसतील. घरी बसून चार गोष्टी मोजा: दर वेळी किती ड्रिबल, चेंडू किती वेळा गमावला, पास दिल्यावर तुम्ही हललात की उभे राहिलात, आणि डावा हात (डावखुरे असाल तर उजवा) किती वेळा वापरला. शिवाय पन्नास फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, मारून किती गेले ते लिहा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेच पुन्हा करा.

टेप घेऊन कोर्टही मोजा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. बाहेरच्या कोर्टांवर लटकून लटकून रिंग पुढे वाकलेली असते, आणि अशा रिंगवर तयार झालेला शॉट परगावच्या सरळ रिंगवर आखूड पडतो. तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.७५ मीटर आणि कोपऱ्यात ६.६० मीटर असते. तो बिंदू एन्ड लाइनच्या (रिंगमागच्या रेषेच्या) आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर येतो. २०१० पूर्वी रंगवलेल्या कोर्टावर रेषा ६.२५ मीटरची असायची. तुमच्या कोर्टावर ती जुनीच असेल तर बाहेर अर्ध्या मीटरवर खडूने नवी आखून घ्या.

पहिलं वर्ष: दोन्ही हात आणि दोन पाय

सिमेंटच्या कोर्टावर चामड्याचा चेंडू महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत होतो. सरावाला रबरी चेंडूच बरा. मुलांसाठी ७ नंबर, मुलींसाठी ६ नंबर. डोक्याच्या उंचीवरून सोडला तर उसळून कमरेच्या थोडा वर यावा, इतकी हवा ठेवा.

पहिले सहा आठवडे रोज वीस मिनिटं फक्त हात. जागेवर उभं राहून जोरात, गुडघ्याच्या उंचीचा ड्रिबल, तीस सेकंद उजवा, तीस सेकंद डावा. मग चालत, मग पळत. समोर मित्र उभा करा. तो बोटं दाखवेल, तुम्ही आकडा मोठ्याने सांगायचा. चेंडूकडे पाहिलंत की आकडा चुकतोच. टेनिस बॉलनेही हे जमतं. दोन वेळा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेला स्टीव्ह नॅश सांता क्लारा विद्यापीठात असताना वर्गाला जाता-येता टेनिस बॉल ड्रिबल करत जायचा, आणि त्याला शिष्यवृत्ती देऊ करणारं ते एकच विद्यापीठ होतं. वसतिगृहापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता तुमच्याकडेही आहेच. फक्त गाड्यांच्या रस्त्यावर हे करू नका.

कमकुवत हातासाठी मी एक कडक नियम लावतो. दोन आठवडे सरावात मजबूत हाताने ले-अप, म्हणजे पळत रिंगखाली जाऊन मारलेला शॉट, बंद. पहिले चार दिवस पोरं वैतागतात, रिंगखालून मारलेलं बोर्डाच्या वर जातं. दहाव्या दिवसापासून पावलांचा ताल बसायला लागतो.

थांबायला शिकणं त्याहून महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. पूर्ण वेगात येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबा, गुडघे वाकलेले, चेंडू हनुवटीखाली, मग एका पायावर फिरून मागे पाहा. रोज तीस वेळा. ज्याला थांबता येत नाही तो गर्दीत उडी मारतो आणि हवेत गेल्यावर पास कुणाला द्यायचा ते शोधतो. आमच्या भागातल्या सामन्यांत चेंडू जातो तो बहुतेक असाच. व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून खेळलेला जेलन ब्रन्सन पोरांना मी आवर्जून दाखवतो. उंचीने मोठा नाही, उडी अफाट नाही, पण दोन पायांवर थांबून, फिरून, खोटा इशारा करून तो आपल्यापेक्षा उंच माणसासमोर शॉट काढतो. कॉलेजात पहिल्या वर्षी त्याची सरासरी ९.६ गुणांची होती, दुसऱ्या वर्षी १४.७, तिसऱ्या वर्षी १८.९. २०१६ आणि २०१८ ची राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या संघाने जिंकली. एवढं होऊनही एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याची निवड ३३ व्या क्रमांकावर झाली. वर्षागणिक चढत गेलेले ते तीन आकडे मी सरावाच्या खोलीत भिंतीवर लावलेत.

खो-खोतून आलेल्यांनी हे वाचावंच

आपल्या मातीत एक गोष्ट आयती आहे. धाराशिव म्हटलं की खो-खो. भारताची कर्णधार राहिलेली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे तिथलीच. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली आणि मुलं शाळेत खो-खो खेळलेली असतात आणि बास्केटबॉलला आल्यावर ते विसरून जायचा प्रयत्न करतात. विसरू नका. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही. पळणारा नेमकं तेच करतो: त्याला एका दिशेला वचनबद्ध होऊ देतो आणि मग दुसरीकडून निघतो. चेंडू घेऊन डिफेन्डरला, म्हणजे बचाव करणाऱ्याला, चकवणं हेच आहे. डिफेन्डरला नियमाने बांधलेलं नसतं, पण त्याचा पुढचा पाय आणि शरीराचा भार त्याला तसाच बांधून टाकतो.

म्हणून क्रॉसओव्हर मारताना, म्हणजे चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हातात घेताना, हात किती झटपट फिरला याकडे पाहू नका, डिफेन्डरच्या कमरेकडे पाहा. भार पुढच्या पायावर गेला की त्याच पायाच्या बाजूने निघा. त्याला तो पाय उचलायला वेळ लागतो. आणि वेग सारखा ठेवू नका. दोन पावलं सावकाश, एक झपाट्याने. सगळं झपाट्याने करणारा गार्ड बचावाला सोपा असतो, कारण त्याचा ताल लगेच कळतो.

कबड्डीतून आलेल्यांना खाली वाकून सरकायची सवय असते. त्यांना मी पहिल्या दिवसापासून समोरच्या संघाच्या पॉइंट गार्डवर, म्हणजे चाल रचणाऱ्या मुख्य गार्डवर, सोडतो.

प्रेस लागली की

जिल्ह्यातल्या सामन्यांत दमदार संघ पहिल्या मिनिटापासून पूर्ण कोर्टावर प्रेस लावतात, म्हणजे चेंडू हातात येताच अंगावर येतात, कारण समोरचा गार्ड घाबरतो हे त्यांना माहीत असतं. मी स्वतः खेळत होतो तेव्हा एका उपांत्य सामन्यात मध्यरेषा ओलांडताच कोपऱ्यात अडकून मी सलग तीन वेळा चेंडू गमावला होता. ते का झालं हे मला पुढची दोन वर्षं कुणी समजावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आठ सेकंदांत चेंडू पुढच्या अर्ध्यात न्यायचा असतो. त्यातले दोन सेकंद पाहण्यात घालवले तरी चालतात. पास झेलण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाका. पाठीमागे कोण आहे हे चेंडू हातात आल्यावर पाहणं म्हणजे उशीर. बाजूच्या रेषेला चिकटून पळू नका, ती रेषा समोरच्यांचा सहावा खेळाडू असते. मध्यरेषा ओलांडल्यावर लगेचच्या दोन कोपऱ्यांत तर थांबूच नका, कारण तिथे मागे जाता येत नाही, बाजूला जाता येत नाही, आणि दोघे येऊन उभे राहिले की संपलं. दोघे अंगावर आले तर एक-दोन ड्रिबल मागे घ्या. दोघांमधलं अंतर वाढतं आणि मधला साथीदार दिसतो. तो साथीदार, शक्यतो तुमच्या संघातला उंच पण हाताने भरवशाचा खेळाडू, कोर्टाच्या मध्यभागी उभा असायला हवा, हे आधीच ठरवून ठेवा.

सरावात पाचजणांविरुद्ध सातजण प्रेस लावू द्या. पहिल्या आठवड्यात चेंडू मध्यरेषेपलीकडे जातच नाही. चौथ्या आठवड्यात खरा सामना संथ वाटायला लागतो.

शॉट: उन्हाळ्यातच हात घाला

शॉटची पद्धत बदलायची असेल तर ती हंगाम संपल्यावर. एनबीएतला स्टीफन करी शाळेत असताना चेंडू कमरेजवळून वर फेकायचा. वडील डेल करी यांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट डोक्यावरून सुटेल असा नव्याने बसवला. त्या काळात त्याला जवळूनही रिंग सापडेना, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. ऑगस्टमध्ये स्पर्धा तोंडावर असताना असा खेळ करू नका.

रिंगपासून दीड मीटरवर उभं राहा. एका हाताने, दुसरा हात पाठीमागे. कोपर रिंगच्या रेषेत, चेंडू बोटांवर, तळव्यावर नाही. रिंगच्या लोखंडाला न लागता पंचवीस गेले की एक पाऊल मागे. असं करत फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत यायला काहींना तीन आठवडे लागतात, लागू द्या. त्यानंतर पाच जागा, प्रत्येक जागेवरून दहा गेल्याशिवाय पुढे नाही. मारलेले न मोजता गेलेले मोजा. फ्री थ्रो कायम दमल्यावर मारा, कारण चौथ्या, म्हणजे शेवटच्या, डावात तुम्ही ताजेतवाने नसता. कोर्टाच्या दोन फेऱ्या पळून दोन फ्री थ्रो, असं दहा वेळा.

संध्याकाळी वारा सुटतो, धूळ उडते, त्यामुळे लांबचे शॉट सकाळीच मारावेत. रिंगला जाळी नसेल तर वर्गणी काढून लावा. जाळीशिवाय चेंडू आत गेला की बाहेरून गेला हेच कळत नाही.

दुसरं वर्ष: स्क्रीनवरून वाचायला शिकणं

गार्ड खरा वाढतो तो इथे. हात तयार झालेले असतात, आता डोळ्यांचं काम.

उंच साथीदार तुमच्या डिफेन्डरला आडवा येऊन उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो. पहिली चूक: तो पोहोचण्याआधीच निघणं. तो दोन पायांवर स्थिर होईपर्यंत थांबा, नाहीतर त्याच्यावर फाउल जातो. दुसरी चूक: लांबून वळसा घेणं. तुमचा खांदा त्याच्या कमरेला घासून गेला पाहिजे, म्हणजे मधून डिफेन्डर शिरणार नाही.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. स्क्रीनवरून निघताना तुमच्या डिफेन्डरकडे पाहायचंच नाही. त्याला साथीदाराने अडवलंय. पाहायचं आहे स्क्रीन लावणाऱ्याच्या डिफेन्डरकडे, म्हणजे त्या उंच माणसाकडे. तो मागे रिंगजवळ थांबला असेल तर तुमच्यासमोर मोकळी जागा आहे. दोन ड्रिबल, दोन पायांवर थांबा आणि जवळचा शॉट घ्या. तो पुढे उडी मारून तुम्हाला अडवायला आला तर एक ड्रिबल मागे घ्या, त्याला आणखी बाहेर खेचा, आणि रिंगकडे निघालेल्या साथीदाराला जमिनीवर टप्पा पाडून बाऊन्स पास द्या. दोघांनी जागा बदलल्या, म्हणजे स्विच केलं, तर घाई नको. उंच माणूस आता तुमच्यासमोर आहे आणि तुमचा ठेंगणा डिफेन्डर तुमच्या उंच साथीदाराला लोंबकळतोय. दोनपैकी जो फायदा मोठा तो घ्या. आणि दोघेही तुमच्यावर चालून आले तर चेंडू लगेच सोडा. मागे चारजण तिघांविरुद्ध खेळताहेत, हे विसरलात तर तो फायदा दोन सेकंदांत संपतो.

हे पाठ करून येत नाही. सरावात सर किंवा एखादा सीनियर दादा उंच डिफेन्डर बनून चारपैकी काय करणार ते आधी न सांगता करेल, आणि तुम्ही ओळखायचं. रोज वीस वेळा, चुका वहीत. मुलींच्या संघात मी हे आधी चालत करून घेतो, मग पळत. नंतर मुलांनाही तसंच करायला लावलं आणि त्यांच्याही चुका कमी झाल्या.

सामने कमी मिळतात, त्यावर तीन विरुद्ध तीन हा उत्तम उपाय आहे. अर्धं कोर्ट, बारा सेकंदांत शॉट, दहा मिनिटं किंवा २१ गुण. सहाच माणसं असल्यामुळे प्रत्येक वेळी निर्णय तुमच्यावर येतो. शनिवारी संध्याकाळी चार संघ जमवले की एका आठवड्यात वर्षभराच्या सामन्यांएवढे निर्णय घेऊन होतात.

शरीर, ऊन आणि मेस

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो आणि सिमेंट रात्री उशिरापर्यंत तापलेलं असतं. सराव पहाटे साडेपाच ते साडेसात, त्यानंतर नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जेवढं घटलं तेवढं पाणी शरीरातून गेलं, ते दिवसभरात भरून काढा: लिंबू, मीठ, साखरेचं पाणी किंवा ताक. चक्कर, मळमळ, घाम थांबणं यांपैकी काहीही झालं तर सराव बंद करून सावलीत आडवं व्हा, अंगावर पाणी घ्या आणि दवाखाना गाठा.

सिमेंटवर नडगी आणि गुडघे बोलायला लागतात. उड्यांचे व्यायाम मातीच्या मैदानावर करा, कोर्टावर नको. आठवड्यातून तीन दिवस बैठका, एका पायावरच्या बैठका, टाचा उचलणं, दोरीच्या उड्या, आणि एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहणं. शेवटचा व्यायाम घोट्यासाठी, आणि तोच सगळे टाळतात. मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून उडीनंतर दोन पायांवर, गुडघे आत न वळवता, आवाज न करता उतरण्याचा सराव त्यांनी रोज करावा. हिमोग्लोबिनही वर्षातून दोनदा तपासावं. सतत दम लागणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी ती तपासणी करा, हे प्रत्येक प्रशिक्षकाला मी हात जोडून सांगतो.

मेसची डाळ पातळ असते हे मान्य. खिशात फुटाणे ठेवा, शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. अंडी खात असाल तर रोज तीन. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, केळी. सरावाआधी तासभर केळं किंवा गूळ-शेंगदाणे पुरे.

तिसरं वर्ष: आवाज

तिसऱ्या वर्षी मी गार्डला सरावात शॉट मारायला कमी आणि बोलायला जास्त लावतो. बचावात मागून येणारी स्क्रीन नावाने ओरडून सांगायची. चढाईआधी बोटांनी खुणा करून कोणती चाल ते दाखवायची. चूक केलेल्या साथीदाराशी पुढच्या फ्री थ्रोच्या वेळी दोन वाक्यं बोलायची, ओरडायचं नाही. गावाकडून आलेली कितीतरी पोरं कोर्टावर गप्प असतात, सीनियरला सूचना कशी द्यायची याचा संकोच असतो. तो संकोच सरावातच मोडावा लागतो. मी एक डाव असा घेतो की गार्ड बोलला नाही तर मिळालेला गुण धरत नाही.

सामन्याचा हिशोबही त्याच्याच डोक्यात हवा. समोरच्या संघाचे एका डावात चार फाउल झालेत का? पाचव्यापासून आपल्याला दोन फ्री थ्रो मिळणार, म्हणजे आता रिंगकडे घुसायचं. डावाला पस्तीसेक सेकंद उरले असतील तर लवकर शॉट घ्या, कारण २४ सेकंद समोरच्यांनी खेळून काढले तरी शेवटचा चेंडू तुम्हालाच मिळतो. आपण मारलेला शॉट रिंगला लागून चेंडू पुन्हा आपल्याच हाती आला तर घड्याळ २४ वर जात नाही, १४ वर येतं. २४ सेकंदांचं यंत्र नसलेल्या मैदानावर वेळ कशी मोजणार हे सामन्याआधी पंचांना विचारून घ्या.

आणि भूमिका बदलली तर घाबरू नका. करी डेव्हिडसन कॉलेजात तिसऱ्या वर्षी पॉइंट गार्ड झाला. त्या हंगामात सरासरी २८.६ गुणांनी तो देशात पहिला आला, त्याचे असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास, सामन्याला २.९ वरून ५.६ वर गेले, आणि चेंडू गमावण्याचं प्रमाणही वाढलं. नवं काम अंगावर घेतलं की चुका वाढतात. त्या वाढल्या म्हणून प्रशिक्षकांनी पोराला बाकावर बसवू नये. सहा-आठ सामने जाऊ द्यावेत, मग वही उघडावी.

हंगाम संपला की एक आठवडा पूर्ण विश्रांती. त्यानंतर पहिल्या वर्षीचं चित्रण आणि आत्ताचं चित्रण शेजारी शेजारी लावून पाहा आणि पुन्हा ड्रिबल मोजा. संघात नव्याने आलेल्या गार्डला शेजारी बसवून मोजायला लावा, आणि आकडे त्याच्याच हाताने त्याच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.